संगमरवर कोणाची बाजू घेतो? : मुंबईचे सेंट थॉमस कॅथेड्रल, पारोळ्यातून वाचताना



विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारले, की पारोळ्यात बसून मुंबईच्या इंग्रजी चर्चबद्दल का बोलायचे? आपल्याकडे बोलण्यासारखे काही कमी आहे का? प्रश्न रास्त आहे. उत्तर एका आकड्यात देतो. हे चर्च उपासनेसाठी खुले झाले १७१८ च्या नाताळात. आपल्या पारोळ्याचा भुईकोट जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला तो १७२७ साली. म्हणजे दोन्ही वास्तूंमध्ये फक्त नऊ वर्षांचे अंतर. एकाच काळाची दोन लेकरे म्हणा ना. एक आज जागतिक पुरस्कार मिळवून, झाडूनपुसून, घड्याळासकट उभे आहे. दुसऱ्याचे काय झाले ते तुम्ही रोज बघता.

हा फरक कशाने पडला? दगड कच्चा होता म्हणून? चुना भेसळीचा होता म्हणून? तसे नाही. हा फरक कोणी, का आणि कसा पाडला, ते आज बघायचे आहे. त्यासाठी आपण ते चर्च एखादे पुस्तक वाचावे तसे वाचणार आहोत. पुस्तकावर टीका करताना आपण विचारतो, की लेखक कोण, तो कोणासाठी लिहितो, काय सांगतो आणि काय गाळतो? इमारतीलाही हेच चार प्रश्न विचारता येतात. देवळाला, मशिदीला, किल्ल्याला, चर्चला, सगळ्यांना.

चाळीस वर्षे अर्धवट भिंती

मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आले ते १६६१ च्या विवाह-करारातून, आणि १६६८ मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. पुढच्याच वर्षी जेराल्ड अँजियर गव्हर्नर झाला. मुंबईला व्यापाराचे शहर करण्याचे श्रेय त्याला देतात. वेगवेगळ्या जातीधर्माच्या व्यापाऱ्यांना त्याने इथे बोलावले, न्यायालय सुरू केले. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर गेलेला हेन्री ऑक्झेंडन हा याच काळातला कंपनीचा वकील. त्याच दशकात अँजियरने मुंबईत इंग्रजांसाठी चर्चचा पाया घातला.

पण १६७७ मध्ये अँजियर सुरतेला वारला आणि काम थांबले. भिंती साधारण पंधरा फूट उंच आल्या होत्या. तशाच त्या जवळजवळ चाळीस वर्षे उभ्या राहिल्या. वर छप्पर नाही, आत देव नाही. लोकांनी दिलेली वर्गणी सर जॉन चाइल्ड या बड्या अधिकाऱ्याने गिळली, असा आरोप अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या एका कप्तानाने आपल्या प्रवासवर्णनात केला आहे. हॅमिल्टनची जीभ तिखट होती आणि कंपनीशी त्याचे फारसे जमत नव्हते, हे धरूनच त्याचे म्हणणे घ्यायचे. पण वर्गणी, अर्धवट बांधकाम आणि गायब पैसा ही गोष्ट ऐकून आपल्यापैकी कोणाला नवल वाटले असेल असे आम्हाला वाटत नाही! तीनशे वर्षांत या बाबतीत फार प्रगती झालेली नाही.

यात एक गोष्ट टिपून ठेवा. कंपनीची माणसे इथे धर्म पसरवायला आली होती, असे आपण सरसकट म्हणतो. या चाळीस वर्षांच्या भिंती वेगळे सांगतात. गोदामे बांधली, कोट बांधला, जकात बसवली, आणि स्वतःचे देवघर मात्र चाळीस वर्षे उघडे ठेवले. त्यांची प्राथमिकता काय होती ते यावरून कळते.

१७१५ च्या सुमारास रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला. त्याने हे काम परत हाती घेतले, लोकांना खडसावले, वर्गणी उभी केली. गव्हर्नर होता चार्ल्स बून. आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडले.

उद्घाटनाचा पाहुणा

आता या दिवसाकडे जरा नीट बघू. उद्घाटनाचे जे वर्णन मागे राहिले आहे त्यात एक आपले नाव येते : रामाजी कामती. आपल्या जातभाईंना घेऊन तो समारंभाला आला होता आणि सगळी प्रार्थना संपेपर्यंत थांबला, अशी नोंद आहे. हा रामाजी शेणवी व्यापारी, मुंबईतला बडा असामी, कंपनीला सैन्य उभे करून देणारा. वाळकेश्वराचे देऊळ १७१५ मध्ये नव्याने बांधले गेले ते याच माणसाच्या पैशातून. म्हणजे एका टोकाला वाळकेश्वर बांधायचे आणि दुसऱ्या टोकाला इंग्रजांच्या चर्चच्या उद्घाटनाला मानाने जाऊन बसायचे. त्याला यात विसंगती वाटली नसावी. व्यापारी शहराची रीतच तशी असते.

दीड-दोन वर्षांतच, १७२० मध्ये, याच रामाजीवर याच बूनच्या राजवटीत राजद्रोहाचा खटला चालला. आरोप काय, तर कान्होजी आंग्रे यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार. मागचा संदर्भ लक्षात घ्या. १७१८ च्या अखेरीस, म्हणजे चर्च उघडण्याच्या काही आठवडेच आधी, इंग्रजांनी आंग्र्यांच्या खांदेरीवर हल्ला केला आणि मार खाऊन परत आले. त्याआधी विजयदुर्गावरही काही साधले नव्हते. आरमाराचा पराभव झाला की घरभेद्या शोधायचा, ही सत्तेची जुनी सवय आहे. पुरावा म्हणून शिक्क्याचे पत्र पुढे आणले. त्याच्या कारकुनाचे अंगठे आवळून जबानी काढली. रामाजीला जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ मध्ये तो कैदेतच मेला. ते पत्र आणि शिक्का बनावट होता, असे पुढच्या अभ्यासकांनी, त्यात इंग्रजही आले, मान्य केले आहे.

सेंट थॉमसच्या भिंतींवर आज ओळीने संगमरवरी स्मारके आहेत. लढाईत पडलेले, तापाने गेलेले, बोटीवर वारलेले, सगळ्यांची आहेत. पहिल्याच दिवशी मानाने आलेल्या या पाहुण्यासाठी मात्र तिथे संगमरवर नाही. आम्ही मघाशी म्हटले ना, लेखक काय गाळतो ते बघा? ते हे.

कोणी म्हणेल, तो ख्रिस्ती नव्हता, मग चर्चमध्ये त्याचे स्मारक कशाला असेल? बरोबर आहे. आमचा आग्रह चर्चच्या भिंतीपाशी नाही. आमचा आग्रह त्या वास्तूचा इतिहास सांगणाऱ्यांपाशी आहे. पर्यटकांच्या पुस्तिकांमध्ये रामाजी कामतीची हजेरी येते ती 'बघा, कसा सलोखा होता' हे दाखवायला. दीड वर्षानंतरचा खटला पुढच्या पानावर येत नाही. अर्धी गोष्ट खरी असली तरी ती अर्धीच. सलोखा होता खरा, पण तो सत्तेच्या सोयीपुरता होता, आणि सोय संपली तेव्हा बळी कोणाचा गेला हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही.

चर्चचे कॅथेड्रल कसे होते

आपल्याकडे चर्च म्हटले की सगळी सारखीच. कॅथेड्रल म्हणजे मोठे चर्च, असा समज आहे. तसे नाही. ज्या चर्चमध्ये बिशपचे अधिकृत आसन असते ते कॅथेड्रल. आकाराने ते लहानही असू शकते. आसन आले की दर्जा आला. गादी आली की मठ होतो, तसेच काहीसे.

मुंबईला हे आसन आले १८३७ मध्ये. थॉमस कार हा मुंबईचा पहिला अँग्लिकन बिशप, आणि त्याच वर्षी सेंट थॉमस कॅथेड्रल झाले. पुढच्या वर्षी पश्चिमेकडचा मनोरा आणि त्यावरचे घड्याळ आले. कारची आडवी निजलेली मूर्ती आजही आत आहे. कोलकात्याला बिशप १८१४ मध्ये नेमला गेला होता, मद्रासला १८३५ मध्ये. म्हणजे प्लासीनंतर तब्बल सत्तावन्न वर्षांनी हिंदुस्थानात पहिला अँग्लिकन बिशप आला. आधी तराजू, मग तलवार, मग बिशपची गादी, असा हा क्रम आहे.

याच काळात, १८२४ मध्ये, कॅरिबियन बेटांवर दोन बिशपांच्या गाद्या निर्माण झाल्या, जमैका आणि बार्बाडोस. जमैकात स्पॅनिश टाऊन नावाचे जुने राजधानीचे गाव आहे. तिथे सेंट जागो दे ला वेगा हे चर्च आहे. १७१२ च्या वादळात जुनी इमारत पडली, १७१४ मध्ये नवी उभी राहिली, आणि १८४३ मध्ये तिला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. म्हणजे इमारत मुंबईच्या चार वर्षे आधीची आणि दर्जा मुंबईनंतर सहा वर्षांनी. हजारो कोसांवरची ही दोन चर्चे जणू एकाच साच्यातून निघालेली.

आणि हे साचा म्हणणे नुसते अलंकारिक नाही. लंडनमध्ये जॉन बेकन नावाचा शिल्पकार होता. जमैकाचा गव्हर्नर अर्ल ऑफ एफिंगहॅम आणि त्याची पत्नी यांचे स्मारक त्या स्पॅनिश टाऊनच्या चर्चमध्ये आहे, ते या बेकनच्या हातचे. बाप १७९९ मध्ये वारला आणि कारखाना मुलाने चालवला, त्याचेही नाव जॉन बेकन. या मुलाच्या कारखान्यातली स्मारके मुंबईच्या सेंट थॉमसमध्ये आहेत. म्हणजे लंडनच्या एकाच घरातून संगमरवरी दुःख जहाजात भरून एकीकडे साखरेच्या बेटांवर जात होते आणि दुसरीकडे कापसाच्या बंदरात. शोक करणारी बाई, कलश, झुकलेले डोके, पंख पसरलेला देवदूत, सगळा माल ठरलेला. नाव आणि हुद्दा तेवढा बदलायचा.

कारागिरी उत्तम आहे, यात शंका नाही. पण टीकाकाराला एक गोष्ट सांगावीच लागते. माणूस जमैकात गुलामांच्या मळ्यांवर राज्य करून मेला काय आणि मुंबईत कंपनीची चाकरी करून मेला काय, संगमरवर दोघांना एकच चेहरा देतो. सगळे सारखे सज्जन, सारखे कर्तव्यदक्ष, सारखे अकाली गेलेले. जमैकाच्या त्या चर्चबाहेर उसाच्या मळ्यात राबणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. १८३३ च्या कायद्याने गुलामी संपवताना ब्रिटिश संसदेने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, आणि ती गुलामांना नव्हे, मालकांना! मळ्यांवर माणसे कमी पडू लागली तेव्हा १८४५ पासून जमैकात हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. तिथल्या संगमरवरात यातले काही दिसत नाही. चर्च ऑफ इंग्लंडने गुलामीच्या व्यवहारातील आपल्या सहभागाबद्दल माफी मागितली ती २००६ मध्ये.

'बंद केले' या शब्दाचे काय करायचे?

आता मुंबईच्या भिंतीवरची दोन स्मारके घेऊ.

पहिले लेफ्टनंट कर्नल जॉन कॅम्पबेल यांचे. टिपू सुलतानाच्या वेढ्यात त्याने मंगळूर अनेक महिने लढवले. शौर्य खरेच होते. उपासमारीत, आजारात त्याची माणसे टिकून राहिली. पण जानेवारी १७८४ मध्ये त्याला मंगळूर टिपूच्या हवाली करावे लागले आणि मार्चमध्ये तो मुंबईत वारला. स्मारकात लढवणे ठळक आणि हवाली करणे अस्पष्ट होते. आता असे बघा, हरलेल्या सेनापतीलाही मान द्यावा यात वाईट काही नाही, आपणही देतो. फक्त हा मान कोणाच्या हरण्याला मिळतो आणि कोणाच्या हरण्याला मिळत नाही, हे विचारायचे. टिपू पुढे १७९९ मध्ये लढता लढता पडला. इंग्रजी लिखाणात त्याला जुलमी हा शब्द चिकटला तो फार काळ निघाला नाही.

दुसरे स्मारक गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे. हे धाकट्या बेकनच्या हातचे. डंकन १७९५ ते १८११ मुंबईचा गव्हर्नर होता आणि मुंबईतच वारला. त्याआधी काशीला रेसिडेंट असताना त्याने १७९१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा काढली. काशीकडच्या राजकुमार राजपुतांत मुलगी जन्मताच मारण्याची चाल आहे हे कळल्यावर १७८९ मध्ये त्याने त्यांच्याकडून ती सोडण्याचे करार लिहून घेतले. पुढे काठेवाडात जाडेजांकडून अलेक्झांडर वॉकर या अधिकाऱ्याने तसेच करार घेतले, तेही डंकनच्या गव्हर्नरकीत. डंकनच्या स्मारकावर याचा गौरव आहे : काशी आणि काठेवाडातली बालहत्या बंद केली, असा.

डंकन प्रामाणिक होता असे आमचे मत आहे. आपल्या देशातली ती चाल भयंकर होती, आणि ती एका परक्याला दिसली, त्याला तिची चीड आली, याबद्दल त्याला मान दिलाच पाहिजे. इंग्रजाने केले म्हणून ते वाईट, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. पण 'बंद केली' हे खरे आहे का? नाही. करार झाले, मुली मारल्या जातच राहिल्या. सरकारला १८७० मध्ये, म्हणजे डंकन गेल्यावर जवळजवळ साठ वर्षांनी, मुलींची बालहत्या रोखण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. बंद झालेल्या गोष्टीसाठी कोणी कायदा करत नाही.

म्हणजे संगमरवराने कागदावरच्या करारालाच निकाल मानून टाकले. तिथे येऊन रविवारी बसणाऱ्यांना काय वाटले असेल? की हे काम झाले. आपल्या माणसाने केले. आता पुढची ओळ वाचा. कोरीव अक्षरांत हा मोठा धोका असतो, ती काम संपल्याची खात्री देतात.

आणि इथे जरा आपल्याकडे वळू. डंकनच्या स्मारकाला हसणे सोपे आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धचा आपला कायदा १९९४ चा. आपल्या प्रत्येक तालुक्यात 'बेटी बचाव'च्या भिंती रंगल्या. आणि २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली साडेआठशेपेक्षाही कमी निघाल्या. राज्यातल्या सर्वात वाईट जिल्ह्यांमध्ये आपले नाव आले. डंकनच्या संगमरवरावर लिहिलेले खोटे ठरले ते आपल्याच घरांमध्ये, आणि आपल्या भिंतींवर रंगवलेलेही आपल्याच घरांमध्ये खोटे ठरले. त्यामुळे त्या स्मारकापुढे उभे राहताना खानदेशातल्या माणसाने मान फार ताठ ठेवू नये. इंग्रजांचा दावा खोटा होता हे सिद्ध झाले म्हणून आपण निर्दोष ठरत नाही.

हिरवळीवरचा कापूस

चर्चपुढे आज जे हॉर्निमन सर्कल आहे तिथे पूर्वी मोकळे मैदान होते, बॉम्बे ग्रीन. या हिरवळीवर, चर्चच्या दारासमोर, ठिकठिकाणाहून आलेल्या कापसाच्या गाठींचे डोंगर लागत. आगीची भीती, धूळ, गाड्यांची गर्दी, म्हणून १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला. म्हणजे सव्वाशे वर्षे प्रार्थना आणि कापूस एका अंगणात नांदले. पुढे १८७२ पर्यंत त्या जागी एल्फिन्स्टन सर्कल उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर त्याला बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे हे संपादक हिंदी लोकांची बाजू घेतली म्हणून १९१९ मध्ये सरकारने हद्दपार केले होते. सत्तेशी भांडलेल्या इंग्रजाचे नाव सत्तेच्या चर्चसमोर लागले, हा बदल आम्हाला आवडतो.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध होते. तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच वर्षांत रेल्वे खानदेशात शिरली, आणि १८६५ च्या सुरुवातीला थळ घाटातली चढण खुली झाल्यावर भुसावळ-जळगावची गाठ थेट मुंबईच्या धक्क्यावर जाऊ लागली. त्याच वर्षांत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. चर्चकडे जाणारा कोटाचा दरवाजा, म्हणून चर्चगेट. दरवाजा गेला, नाव राहिले, आणि त्या जागी फ्लोरा फाउंटन आले. कॅथेड्रलच्या वेदीकडच्या भागाचे मोठे काम १८६५ पर्यंत झाले ते याच तेजीच्या काळात. बाहेरचे कारंजे विलायतेतल्या गिल्बर्ट स्कॉटने आखलेले, आणि पैसा पारशी दानशूर सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचा.

१८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतल्या बँका आणि कंपन्या बुडाल्या. त्या तेजीत मुंबई सजली, हे पुस्तके सांगतात. खानदेशातल्या शेतकऱ्याच्या हाती तेजी किती दिवस टिकली आणि मंदी किती वर्षे, हे कोणत्या भिंतीवर लिहिले आहे? कापसाचा भाव म्हणजे काय हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

या चर्चबद्दल आणखी एक गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. मुंबईतली अंतरे इथून मोजली जात. रोमन आकड्यांचे जुने मैलाचे दगड शहरात सापडले, काही रस्त्याखाली गाडले गेलेले, आणि ते आता जपले जात आहेत. हे जपणे चांगलेच आहे. पण शून्य मैल म्हणजे काय ते समजून घ्या. बाकी सगळे 'इथून किती लांब' एवढ्यावरच ओळखले जाणार, असा त्याचा अर्थ. पारोळ्याला बसलेल्या माणसाने तो दगड बघताना स्वतःला दूरचा समजायचे का, हा त्याचा त्याने विचार करावा.

आपला भुईकोट

आता पारोळ्याकडे या. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला राजकीय प्रतिनिधी झाला. झाशीच्या नेवाळकर घराण्याची मुळे याच पारोळ्याच्या जहागिरीत आहेत, आणि राणी लक्ष्मीबाई त्या घराण्याची सून. १८५७ च्या उठावानंतर पारोळ्याच्या जहागीरदारांवर बेइमानीचा ठपका आला, जहागीर जप्त झाली, आणि १८५९ च्या सुमारास किल्ला मोडून टाकला गेला. गॅझेटियरमध्ये एका वाक्यात हे संपते, आणि तिथेच हा खानदेशातला अशा बांधणीचा उत्तम नमुना असल्याचे कौतुकही आहे. स्वतः मोडायचे आणि मग सुंदर होते म्हणून नोंदवायचे!

मघाचा प्रश्न इथे सुटतो. १७१८ ची वास्तू टिकली, कारण तिला सत्तेने जपले, तिच्यावर दीडशे वर्षे खर्च केला. १७२७ ची वास्तू ढासळली, कारण सत्तेने ती हुकूम काढून निकामी केली. दगडाचा गुणदोष यात नाही. पण गोष्ट एवढ्यावर सोडली तर ती सोयीची होईल. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे झाली. सेंट थॉमस १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आहे, म्हणजे इंग्रजांचे राहिलेले नाही. आपल्याच देशातल्या, आपल्याच भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती बांधवांनी ते सांभाळले. गळके छप्पर नीट केले, काम शास्त्रशुद्ध झाले म्हणून २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार त्याला मिळाला. पुढचे श्रेय इंग्रजांचे नाही, या लोकांचे आहे. आणि आपल्या किल्ल्याच्या बाबतीत १९४७ नंतरचा हिशोब इंग्रजांच्या नावावर टाकता येणार नाही. खंदकात कचरा ब्रिग्ज टाकत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. वसाहतीच्या वास्तूंकडे बघण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत. एक, वा काय बांधले आहे म्हणून भारावून जाणे. दोन, गुलामीची खूण म्हणून तोंड फिरवणे. दोन्ही वाटांनी वाचायचे कष्ट वाचतात. तिसरी वाट थोडी चढाची आहे. वास्तू जपायची, आणि ती जे बोलत नाही तेही तिच्या शेजारी लिहायचे. डंकनचे स्मारक जपा आणि १८७० चा कायदाही सांगा. नाताळच्या उद्घाटनाचे वर्णन सांगा आणि १७२० चा खटलाही सांगा.

आणि हीच फूटपट्टी आपल्याला लावायची. उद्या भुईकोटाच्या दारावर माहितीचा फलक लागला तर त्यावर काय असेल? जहागीरदाराचे नाव असेल, राणीचे असेल, असायलाच हवे. पण ज्या वडार-पाथरवटांनी दगड घडवला, ज्या गावकऱ्यांच्या साऱ्यातून तो उभा राहिला, त्यांच्यासाठी एक ओळ असेल का? का आपणही मुंबईच्या संगमरवरासारखेच लिहू : सगळे शूर, सगळे उदार, काम पुरे झाले?

मुंबईला गेलात तर स्टेशनवरून पायी पंधरा-वीस मिनिटांवर हे चर्च आहे. आत जाताना चपला काढायची गरज नाही, आवाज मात्र खाली ठेवा, लोक प्रार्थनेला बसलेले असतात. डंकनचे स्मारक शोधा, नीट वाचा. मग बाहेर येऊन समोरच्या बागेत बसा आणि तिथे कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या हे आठवा. आणि परत आल्यावर एका सकाळी भुईकोटाला फेरी मारा, पोरांना घेऊन. तिथे वाचायला फलक सापडला नाही तर तो कसा लिहायचा, हे पोरांनाच विचारा.